गोळ्याचे सुतक

राज्य वेगळे झाले आणि उंबरगाव गुजरातेत गेले, त्या वर्षी माझे पोट वाढू लागले. लग्नाला चौथे वर्ष होते. माहेर तलासरीचे, सासर डहाणूचे. घरामागे चिकूची वाडी. पाळी अधूनमधून येते, असे मी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "दिवस गेले तरी कुणाकुणाला दिसतं. माझ्या बहिणीलाही दिसायचं." त्या दिवसापासून त्यांनी मला विहिरीचे पाणी ओढू दिले नाही.

सहाव्या महिन्यात उधव्याहून सुईण आली. तेल लावून तिने बराच वेळ पोट चाचपले.

"बाय, पोर नाय. गोळा हाय."

"तुझे हात म्हातारे झाले," सासूबाई म्हणाल्या.

"म्हातारं झालं, खोटं नाय झालं," असे म्हणून ती चहा न घेता गेली.

मला तिचे पटले होते. पोटात काही हलत नव्हते. बोंबील विकायला येणारी मावशी टोपली उतरवताना रोज विचारायची, "काय गो, लाथ मारतो का? का बापासारखाच झोपाळू?" सगळ्या बायका हसायच्या, मीही हसे. गप्प राहण्याचे कारण साधे होते. त्या घरात मी नेहमी शेवटी जेवत असे. आता गरम भाकरी आधी मला मिळत होती. सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवून पाच सवाष्णींनी माझी ओटी भरली.

आठव्यात एका सकाळी कळ उठली आणि उलट्या थांबेनात. नवऱ्याने टांग्यातून दवाखान्यात नेले. डॉक्टर गुजराती होते.

"बेन, दुखतंय कुठं?"

"ओटीपोटात," मी म्हणाले.

त्यांनी तपासले आणि नवऱ्याकडे वळले. "मूल नाही. अंडाशयाला गाठ आहे, तिला पीळ पडलाय. आजच काढायला पाहिजे."

"पुढं मूल होईल?" नवऱ्याने विचारले.

"दुसरी बाजू चांगली असली तर होईल. ते पोट उघडल्यावर कळेल."

कागदावर सही नवऱ्याने केली. ईथर देताना मला आकडे मोजायला सांगितले. मी सहापर्यंत मोजले. शुद्धीवर आल्यावर मी नर्सला विचारले, "दुसरी बाजू?"

"आहे. चांगली आहे. आता पाणी मागू नका."

गाठ न सोललेल्या नारळाएवढी होती, असे नवऱ्याने सांगितले.

बाराव्या दिवशी घरी आले तेव्हा कळले, घरात दहा दिवस सुतक पाळून झाले होते. पोर पोटातच गेले, असे सासूबाईंनी सगळ्यांना सांगितले होते. पाच सवाष्णी बोलावून गोळ्याची ओटी भरली, हे त्या कोणत्या तोंडाने सांगणार होत्या?

बायका भेटायला आल्या. मावशीने त्या दिवशी टोपली आणली नव्हती. तिने हळूच विचारले, "मुलगा होता का गो?"

मी सासूबाईंकडे पाहिले.

"मुलगा," त्या दारातून म्हणाल्या आणि रडू लागल्या. ते रडणे खोटे नव्हते. मी टाक्यांवर हात धरून मान खाली घातली.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. बारशाला जमलेल्या बायका तिला मुलाच्या पाठची म्हणाल्या. शाळेत जाऊ लागल्यावर तिनेच एकदा विचारले, "आई, माझा दादा कसा होता?"

सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मी पाहिला नाही," मी म्हणाले.