मंगोलियन गणपती

मुलांनो, मामा तुम्हाला 'गणपतीच्या चित्रा'चा फोटो पाठवतोय, म्हणून आत्ताच सांगते: तो गणपती नाही. हॅमिल्टनच्या आमच्या मंगोलियन शेजारणीने स्वतः काढून भेट दिलेलं ते अमूर्त तैलचित्र आहे. आपल्या लोकांना मात्र कुठल्याही वळणात सोंड दिसते. चतुर्थीला मामाने कॅनव्हासला चक्क कुंकू लावलं. तैलरंग पुरता वाळला नव्हता. कुंकू चिकटून बसलं.

तेवढ्यात शेजारीण चहाला आली. मला वाटलं, आता चित्र परत नेते.

"हा लाल माझा नाही," ती म्हणाली.

"देव आहे तो!" मामा तिलाच शिकवायला लागला.

"ते माझ्या आईच्या चुलीचं वाकडं धुराडं आहे. राहू द्या. आईला कधी कुणी नमस्कार केला नाही, निदान धुराड्याला तरी झाला."

मामा अजूनही गणपतीच म्हणतो. कुंकू तिथेच आहे.