कपाटातली वेस

नगराध्यक्षांनी मला फसवलं आणि माझ्याच हाताने गावाची वेस पाडून घेतली.

काल त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मी घडवलेली प्लास्टरची वेस पाहिली. त्यांच्या सूनबाई मऊ ब्रशने तिच्यावरची धूळ झाडत होत्या. खऱ्या वेशीवरून कुणी कधी हात फिरवला नाही. तिच्या आडोशाला लोक मुतायचे. वस्तू हातात मावेल एवढी झाली आणि तिची अडचण उरली नाही, की माणसाला तिचा लळा लागतो. आईबापांवरही आपण असंच प्रेम करतो, त्यांचा फोटो झाल्यावर.

खरी वेस उभी होती तेव्हा, पाहुण्यांना भेट द्यायला म्हणून अध्यक्षांनी अशा पन्नास छोट्या वेशी करायला सांगितल्या. म्हणाले, "मिस्त्री, हुबेहूब हवी. कमानीवरची भेगसुद्धा." मी गिऱ्हाइकाला रडवून भाव घेणारा, यांनी पहिल्याच शब्दाला मान डोलावली आणि मी हुरळलो. साचा काढण्याआधी मातीच्या नमुन्यावर दाभणाने भेग कोरली. उठून दिसावी म्हणून जरा खोलच.

नगरपालिकेच्या सभेत त्यांनी तीच वेस उंच धरली. "बघा, कारागीरच दाखवतोय, वेस धोक्याची आहे!" महिन्याभरात बुलडोझर आला.

"काका, किती गोड केलीय हो! अजून एक मिळेल?" काल कपाटापाशी सूनबाईंनी विचारलं.

अध्यक्षसाहेब, भेग मी खोल कोरली, हे मी चारचौघांत कबूल करतो. आता तुम्ही सांगा, खरी भेग तपासायला शिडी लावून वर कोण चढलं होतं? मला त्याचं नाव हवं आहे.