कोनाड्यातला माझा दगड

भाद्रपदातल्या ओल्या संध्याकाळी इथे नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावावरून शेवाळाचा वास येऊन खिडकीशी रेंगाळतो, आणि मला सावनेरच्या पलीकडे, सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या त्या लहानशा वस्तीतला घंटेचा मनोरा आठवतो. तरुणपणी सहा वर्षं मी तिथल्या शाळेत एकटा शिक्षक होतो. कोण्या परदेशी पाद्र्यानं बांधलेलं प्रार्थनाघर केव्हाच कोसळलं होतं. काळ्या दगडाचा मनोरा तेवढा उरला होता, आणि वस्तीनं त्याला आपल्या कामाला जुंपलं होतं.

रानात किंवा डोंगराखाली जाणाऱ्यानं मनोऱ्याच्या कोनाड्यात एक दगड ठेवायचा आणि परतल्यावर आपल्याच हातानं तो उचलायचा, अशी तिथली रीत. धुकं उतरलं की सोनाबाई कोनाड्यात दगड असेतो टोले देत राही. घंटेचं हे काम सासऱ्यामागे तिच्याकडे आलं होतं. दुसऱ्याचा दगड उचलणं म्हणजे तो माणूस संपला असं मानणं, म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. एकदा मीही वाट चुकलो होतो. त्या पांढऱ्या, दिशाहीन ओलाव्यात टोल्यामागून टोला ऐकत मी वस्तीत उतरलो, आणि खरं सांगतो, रडलो.

पुढे बदली झाली, नागपुरात संसार झाला. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली, आणि कुठे निघालात, केव्हा याल, हे विचारणारं घरात कोणी उरलं नाही.

यंदाच्या श्रावणात न राहवून तिकडे गेलो. सोनाबाई मनोऱ्याच्या पायरीवर बसली होती, पार वाकलेली. तिनं मला ओळखलं आणि कोनाड्याकडे बोट केलं. तिथे हिरवट पडलेला एक दगड होता. बदलीच्या सकाळी सवयीनं मीच तो ठेवून बस पकडली होती.

“काहून नाही उचलला, गुरुजी? बाकीचे घरी आले का मंग तुमच्यासाठी पाच टोले देऊन राहिली मी. इतकी सालं.”

“पण मी बदली होऊन गेलो होतो, बाई.”

“मले माहीत हाय. पण दगड होता ना तुमचा!”

नागपुरातल्या माझ्या कितीतरी मुक्या संध्याकाळी या डोंगरात कोणीतरी माझी वाट पाहत होतं. मग ती खांदा चोळत म्हणाली, “आता हात वर होत नाही, गुरुजी. उचला, म्हंजे मी मोकळी.”

माझा हात पुढे होईना. मी इतका स्वार्थी असेन असं मला वाटलं नव्हतं. तिनं पुन्हा खांद्याला हात लावला, तेव्हा मी दगड उचलला. तो बर्फासारखा गार होता.

आता तो माझ्या दारापुढच्या पायरीवर असतो. फिरायला निघताना मी तो तिथे ठेवतो, परतलो की आत नेतो. काल पावसात अडकलो, घरी यायला बराच उशीर झाला. पायरीवर दगड भिजत पडला होता. मी तो उचलला, आणि दार न उघडता कानात प्राण आणून तसाच उभा राहिलो.