आमटी तशीच राहिली

"तू या वेळी पेपर प्लेट्स आण गं. कुकिंगचं राहू दे."

महाराष्ट्र मंडळाच्या काकूंचा फोन. दिवाळीच्या पॉटलकला प्रत्येक घरून एक पदार्थ येतो; पेपर प्लेट्स आणायचं काम ज्यांना साधा कुकर लावता येत नाही त्या पोरांचं. आमटी दर वर्षी माझी असते. मी कारण विचारलं. त्या घुटमळल्या. "अगं, तुमच्याकडचं पाणी... लोकांना जरा ऑकवर्ड होतं."

आमच्याकडचं पाणी. पिट्सबर्गपासून तासाभरावर आमचं घर. इथे गावाचा नळ नाही, ज्याची त्याची बोअर. शेजारच्या टेकडीवर एक कंपनी गॅससाठी जमिनीखालचा खडक फोडायला लागली आणि आमचं पाणी गढूळलं. वास मारायला लागलं. अंघोळ केली की लेकीच्या अंगावर पुरळ उठतं. ट्रक, धूर, मशीनची घरघर. आता तिच्या दप्तरात इनहेलर असतो.

आणि या काकूंचे यजमान, आमचे सगळ्यांचे काका, रिटायर्ड इंजिनियर, त्याच गॅस कंपनीचे सल्लागार. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या पंचायतीच्या, सुनावणीत मी पाण्याबद्दल बोलून खाली बसले, तसे ते उठले. इंग्रजीत म्हणाले, "पाण्यात काही दोष नाही. आमच्यातल्या काही लोकांना घाबरायची सवयच असते." हॉल हसला. मीही ओशाळून हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

माझ्या आईच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं. मी शिकले, एवढ्या लांब आले, घर घेतलं. तरी माझं पातेलं बाहेरच. या वेळी तर कोणाला जातही विचारावी लागली नाही.

तरीही मी आमटी केली. विकतच्या पाण्याची, कारण घरचं आम्ही कधीच तोंडात घेत नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

रांग आमटीपाशी यायची आणि हात पुढच्या पनीरकडे जायचे. लेक बघत होती. "आई, नोबडी इज टेकिंग युअर्स."

मी एक वाटी भरली आणि काकांच्या टेबलाशी गेले.

"काका, आमटी घ्या."

"नको. पोट जरा बरं नाही." ताटात जिलबी होती.

"पाण्यात काही दोष नाही, तुम्हीच म्हणालात ना? मग दोन घोट घ्या."

त्यांनी एका बोटाने वाटी बाजूला सरकवली. "हे सोशल फंक्शन आहे. इथे तमाशा नको."

आजूबाजूचे सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. आमचं पाणी बिघडलंय हे त्या सगळ्यांना माहीत होतं. काकांना तर सगळ्यात आधी. घाबरट मी नव्हतेच. मी पातेलं उचललं, लेकीचा हात धरला आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सुनावणी आहे. आता आमच्या कुंपणामागेच गॅसची दुसरी विहीर खणायची आहे कंपनीला. नवरा म्हणतो, घर विकू. हे पाणी दुसऱ्या कोणाच्या लेकराच्या अंगावर ओतायला? मी विकणार नाही. मी उभी राहीन आणि ती वाटी कोणी सरकवली ते सांगेन, काकांचं नाव घेऊन, त्यांच्यासमोर. कोणी हसलं तर थांबेन. त्यांचं हसून होऊ देईन. मग पुन्हा पहिल्यापासून सांगेन.