सहा वाजताचा आशिष

गेलेल्या माणसावर लेख म्हटला की तुम्ही वाट पाहून राहिले असाल, आता हा लिहिणार की आशिष लय हसतमुख होता, सगळ्यांच्या मदतीले धावून जाय. थोडं थांबा. माझ्या मदतीले तो कधीच धावला नाही. धावत होता हे खरं, पण तळ्याकडे. मदत मीच करत होतो त्याले. म्हणजे त्याच्या आईशी खोटं बोलत होतो, तेही त्याच्याच आवाजात.

बातमी आली ती एका रविवारी, दुपारी. मी रूमवर आरशासमोर उभा राहून आमच्या विभागप्रमुखांची नक्कल घोटत होतो, गॅदरिंगसाठी. फोनवर कोणी अनोळखी माणूस म्हणाला, तुमचा दोस्त तळ्याकाठी चक्कर येऊन पडला, रामदासपेठेत दवाखान्यात आणला आहे, लवकर या. मी पोचलो तोवर तो गेला होता... अन् माझ्या तोंडात अजून विभागप्रमुखांचाच आवाज होता. डॉक्टरले पहिलं वाक्य त्याच आवाजात विचारलं मी. लाज वाटते, पण खरं आहे.

आशिष काटोलचा. प्राणिशास्त्रात पीएचडी करत होता, मी मराठीत एमए, अन् रूम दोघांची एक. लहानपणीच्या तापानं त्याच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. रोज गोळी, दगदग बंद, असं डॉक्टरनं बजावलं होतं. घरी तो अन् आई, दोघंच. आई अंगणवाडीत सेविका. पोराले नागपूरले पाठवताना तिनं एकच अट घातली, रोज संध्याकाळी सहा वाजता मी फोन करीन, तू उचलायचा. मोठ्या फोनची बॅटरी उतरते म्हणून बटनांचा साधा फोन वेगळा घेऊन दिला. आम्ही त्याले डब्बा म्हणत होतो. डब्बा कायम खिडकीत, चार्जरले लटकलेला.

अन् आशिष कायम बाहेर. त्याचा अभ्यास होता चतुरांवर, म्हणजे आपण लहानपणी ज्याले हेलिकॉप्टर म्हणून दोरा बांधत होतो ते. त्यांच्यामागे आज गोरेवाड्याचं तळं, उद्या अंबाझरीचं, परवा एसटीनं थेट नवेगाव. पोहे उभ्यानंच खाय, अर्धी तर्री शर्टावर. एकदा जाळ्या शिवायले मच्छरदाणीचं कापड पाहिजे म्हणून मले गांधीबागेत घेऊन गेला. दुकानदारानं विचारलं, पलंग किती बाय किती? आशिष शांतपणे म्हणाला, पलंग नाही भाऊ, झोपणारा बोटाएवढा आहे. मी त्या दुकानदाराचा चेहरा महिनाभर करून दाखवत होतो, अन् आशिष दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखा हसे. मी त्याले विचारलं होतं, काहून बे एवढा फिरतो, थोडा बस ना. तो बूट घालता घालता म्हणाला, "बसलो की मले धडधड ऐकू येते. फिरलो की नाही येत."

एक दिवस सहा वाजले, डब्बा वाजला, आशिष आला नव्हता. मी उचलला, अन् तोंडातून आपोआप निघालं, "हां आई, सांग." शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात शिपायाले ओरडून मी पूर्ण शाळा सोडवली होती, त्यापुढे हे काय. आई बोलली, मी बोललो, गोळी घेतली म्हटलं, तिचा दुखरा गुडघा कसा आहे विचारलं, संपलं. मग रविवारी मी, मग बुधवारी मी, मग सहा वाजताचा आशिष म्हणजे मीच झालो. तो परत आला की मी त्याले रिपोर्ट देत होतो, आज तू मेथीची भाजी खाल्ली, लवकर झोपणार आहे. तो म्हणे, माझ्यापेक्षा तूच बरा पोरगा आहे बे तिचा.

त्याच्या बोलण्यात मधेच एक छोटा दम होता. वाक्य अर्ध्यात थांबे, श्वास घेई, मग पुढे जाय. नक्कल करणाऱ्याले अशी जागा म्हणजे पेढा. मी ती घोटून घोटून बसवली... तो दम म्हणजेच त्याचा आजार होता, हे डोक्यातच आलं नाही.

त्या रविवारी सहा वाजले तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर होतो, अन् तिकडे बंद रूममध्ये डब्बा वाजून राहिला असेल, हे मले माहीत होतं. मग मीच काटोलले फोन लावला. स्वतःच्या आवाजात तिच्याशी पहिल्यांदा बोललो, ते हे सांगायले.

नंतर त्याच्या बॅगेत गोळ्यांची पाकिटं सापडली. न फोडलेली. मी रोज सांगत होतो, घेतली. तेव्हापासून मलेही बसवत नाही. सहा वाजत आले की रूम सोडतो, कुठंही चालत सुटतो. दीड महिना असा काढला. मग डब्बा खिशात घातला अन् काटोलची एसटी पकडली. सगळं सांगून टाकायचं होतं, मग तिनं चप्पल मारली तरी चालेल.

काकू, म्हणजे त्याची आई, गहू निवडत होत्या. मी सांगत गेलो, त्यांचा हात थांबला नाही.

"मले पहिल्याच महिन्यात समजलं होतं," त्या म्हणाल्या. "दम बरोब्बर घेत होता तू. पण आशिषनं जन्मात मले गुडघा कसा आहे म्हणून विचारलं नाही."

मग बोलल्या काहून नाही, मी विचारलं.

"बोलली असती तर इथं आणून बसवा लागला असता त्याले. तसाही बसवून पाहिला होता एक वर्ष. खाटेवरून भिंतीकडे पाहत राहे." एक खडा काढून त्यांनी बाजूले टाकला. "गोळीचं खोटं तू बोलला, अन् मी ऐकून घेतलं. ते आपल्या दोघांचं. ते पुसल्या जाणार नाही."

मी डब्बा त्यांच्यासमोर ठेवला. तेव्हा त्यांचा हात थांबला, अन् खरी बोलणी तिथून सुरू झाली.

"हे काहून आणलं? तो गेला, तुले काय झालं होतं रे? दीड महिना झाला, सहा वाजले की मी फोन हातात घेते अन् ठेवून देते. लावू कोणाले? तुले एक दिवस वाटलं नाही, बुढी जेवली का विचारावं? लोकाचा आवाज काढता येत होता, आपला काढाले जीभ झडली होती? उचल तो. चार्ज करून ठेवजो. उद्या सहाले लावते मी. आपल्या आवाजात बोलजो, अन् रूमवरच सापडजो, नाही तर तिथं येऊन मारीन."