विहीर कोणी खणली

आमच्या गावच्या किनाऱ्यावर, माडांच्या रांगेमागे, गोड्या पाण्याची एक विहीर आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिचं पाणी खारट होत नाही. ती माझ्या आजोबांनी खणली असं तुमच्या वाचनात आलं असेल, तर ते खोटं आहे. तसं लिहिणारा मीच. हे कबूल करायला मला सत्तरी ओलांडावी लागली आणि पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं.

बोईसरच्या एका कारखान्यात मी निवृत्तीपर्यंत स्टोअर सांभाळलं. कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं होतं, ते पुरं करायचं म्हणून पालघरच्या अभ्यासकेंद्रात नाव घातलं. बायको म्हणाली, "अहो, या वयात लोक गुडघ्यांचे रिपोर्ट आणतात. तुम्ही मार्कांचे आणणार?"

दर रविवारी वर्ग असायचा. मला सगळ्यात धास्ती होती ती इंटरनेटवर माहिती शोधण्याच्या आणि तपासण्याच्या विषयाची. तो शिकवायला एक ग्रंथपाल मॅडम येत, वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही माहिती कुठून मिळवता?"

"सकाळी मोबाइलवर येते."

"पाठवतं कोण?"

"बऱ्याचदा मीच पाठवलेली असते. फिरून फिरून परत येते."

वर्ग हसला. मॅडम मात्र म्हणाल्या, "वा! आपल्याला हेच शिकायचंय."

त्यांची रीत साधी होती. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही. लिहिलंय कोणी आणि कधी, ते बघायचं. शंका आली की मजकुरातलं एक आख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधायचं, म्हणजे ते कुठे कुठे फिरलंय ते दिसतं. मला हे पटकन उमगलं. स्टोअरमध्ये मी चलनाशिवाय खिळासुद्धा आत घेत नसे. माहितीला मात्र जन्मभर दार सताड उघडं ठेवलं होतं.

मग जोडीने करायचा एक प्रकल्प आला. आपल्या भागातली एक माहिती घ्यायची आणि ती पहिल्यांदा कोणी सांगितली तिथपर्यंत माग काढायचा. माझ्या जोडीला मासवणकडची, डोंगराच्या बाजूची एक मुलगी आली. बोईसरला औषधांच्या पॅकिंगला जायची आणि रविवारी शिकायची. मला ती बाबा म्हणे.

"बाबा, तुमच्या गावची विहीर घेऊ," ती म्हणाली.

मी घाईघाईने म्हटलं, "विहिरीत काय आहे? आपण सुकट घेऊया. मला त्यातलं सगळं माहीत आहे."

"सुकटीत काय शोधायचं? वास आला की कळतं." ती हसली आणि मग जरा खाली बघून म्हणाली, "माझी आजी सांगते, ती विहीर आमच्या लोकांनी खणली. तिचा सासरा होता त्यात. वीटभट्टीवर जाणं सुटल्यावर एकदा ती तुमच्या जत्रेला आली, विहिरीवरचा बोर्ड बघितला, कोणाकडून तरी वाचून घेतला आणि म्हणाली, हे खोटं हाय. तर पोरं हसली. आजी, नेटवर बघा, म्हणाली. तवापासून ती विहिरीचं नावच काढत नाय. आता पार थकलीय. ती हाय तवर मला कळाय पायजे, ती खोटं बोलते की नेट."

आजी खोटं बोलत नव्हती. माझे वडील सांगायचे ते अक्षरशः तेच होतं. भातकापणी आटपली की डोंगराकडची कुटुंबं कामाला खाली किनाऱ्यावर यायची. त्यातल्याच काहींनी ती विहीर खणली, दगडांनी बांधली. माझ्या आजोबांनी जागा दाखवली आणि मजुरीपोटी भात नि सुकट दिली. तीही, वडील म्हणत, आदल्या वर्षीची.

पण देवीच्या जत्रेची स्मरणिका निघाली, तेव्हा समितीने माझ्याकडे दोन पानं मागितली. गावात लेखक म्हणून माझा जरा बोलबाला होता. मी आजोबांच्या हातात कुदळ दिली आणि त्यांना एकट्यालाच विहिरीत उतरवलं. पुढे विहिरीवरचा बोर्डही त्यावरूनच लागला. हरकत घेणारं कोणी नव्हतं. आमची जत्रा चैत्रात, आणि ज्यांच्या घरच्यांनी विहीर खणली ती माणसं तेव्हा वीटभट्ट्यांवर गेलेली. खरं माहीत असलेलं माणूस नेमकं त्याच दिवसांत गावात नसतं, हा हिशोब माझ्या मनात होता. तो नव्हता असं आता म्हणणार नाही.

ते सगळं त्या दिवशी मी तिला सांगितलं नाही. "बरं, विहीर घेऊ," एवढंच बोललो. पुढच्या रविवारपर्यंत जेवण गोड लागलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा तिला सांगून टाकलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "म्हणजे त्या पोरीबरोबर बसून तुम्ही तुम्हालाच शोधणार? लवकर सापडा म्हणजे झालं."

रविवारी आम्ही संगणकासमोर बसलो. विहिरीची माहिती तीन ठिकाणी मिळाली: गावाच्या पानावर, एका भटकंतीच्या ब्लॉगवर आणि एका बातमीत. बातमीने ब्लॉगचा हवाला दिला होता, ब्लॉगने गावाच्या पानाचा, आणि गावाच्या पानाने बातमीचा. "हे तर एकमेकांच्याच पाठीला पाठ लावून उभे हायत," ती म्हणाली. "बाबा, एक वाक्य घाला अवतरणात."

कोणतं वाक्य, हे विचारायची गरज नव्हती. तिन्हीकडे तेच होतं: 'ही विहीर म्हणजे वरुणराजाने आमच्या आजोबांच्या घामाला दिलेली सोन्याची वाटी होय.' लिहिताना मला ते फार आवडलं होतं. ब्लॉगवाला तर आमच्या गावचाही नव्हता, तरी त्याने 'आमच्या आजोबांच्या' तसंच ठेवलं होतं.

मी वाक्य टाइप केलं. शेवटचा दुवा उघडला. तरुण मंडळाने स्मरणिका स्कॅन करून चढवली होती. पानाच्या वरच्या कोपऱ्यात लेखकाचा फोटो होता, केस काळे, मिशी कोरलेली.

तिने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, हे तर तुमी."

"मीच."

ती इतकी हसली की मॅडम वळून बघायला लागल्या. मग हसू आवरून तिने विचारलं, "तुमाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"होतं."

"आन मला सुकट दाखवत होता?"

मी मान खाली घातली आणि वडील जे सांगायचे ते सगळं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रागावली होती, पण उठून गेली नाही. "आता हे निस्तरायचं तुमी," म्हणाली. "मी बघते बसून."

निस्तरणं सोपं नव्हतं. मी ग्रामपंचायतीत गेलो. तिथे म्हणाले, "काका, बोर्ड बदलू की. आधी नेटवर दुरुस्त करून आणा." ब्लॉगवाल्याला कळवलं, तर त्याचं उत्तर आलं, 'बोर्डाचा फोटो माझ्याकडे आहे. तुमच्याकडे काय पुरावा?' लेखक स्वतः हे खोटं आहे म्हणतोय, तरी त्याचं कोणी ऐकेना.

वाट मॅडमनी दाखवली. "माणसाचं सांगणं हाही पुरावाच आहे काका. फक्त कोण सांगतंय, कोणाकडून ऐकलंय, हे नीट नोंदवा, आणि ते सगळ्यांना पाहता येईल असं ठेवा."

मग आम्ही मासवणकडे तिच्या घरी गेलो. आजी पडवीत बसली होती. नातीने माझी ओळख करून दिली, "आजी, हेच ते नेट." आजीने मला नीट न्याहाळून घेतलं. मोबाइल समोर धरल्यावर ती तासभर बोलली. सासरा, दीर, सोबतची माणसं, दगड कुठून आणले, सगळं. मध्येच म्हणाली, "सुकट खवट होती." मी म्हटलं, "हो आजी, आदल्या वर्षीची." तेव्हा ती पहिल्यांदा हसली. दोन घरांत वेगवेगळी सांगितलेली गोष्ट सुकटीवर येऊन जुळली, असं मॅडमनी नंतर प्रकल्पावर लिहिलं.

ते बोलणं आणि शेजारी माझं सहीनिशी निवेदन अभ्यासकेंद्राच्या पानावर चढलं. गावाचं पान बदललं, मग बोर्ड. ब्लॉगवर अजून सोन्याची वाटी तशीच आहे. त्याला मी दर सोमवारी लिहितो.

नवा बोर्ड लागला त्या दिवशी आजीला रिक्षाने आणलं. जत्रेत हसलेल्यांपैकी एक जण, आता दोन पोरांचा बाप, तिला हात धरून विहिरीपर्यंत घेऊन गेला. नातीने बोर्ड मोठ्याने वाचला. आजीने तो पुन्हा वाचायला लावला. मग माझ्या बायकोने शेंदून दिलेलं पाणी ती ओंजळीने प्यायली, तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं एका थंडीत खणली ही. तुला नुसतं सांगाया एवढी वरसं लागली?"

"मी हळू काम करतो, आजी," मी म्हटलं.

"दिसतंय," ती म्हणाली आणि आणखी पाणी मागितलं.