एक जनुक बंद झालं नाही

"हा रक्ताचा कॅन्सर आहे," मुलुंडच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. शेजारी आई होती, भांडुपच्या पाळणाघरातलं काम टाकून आलेली.

सुरुवात साधीच होती. कबड्डीच्या सरावात माझा दम मध्येच तुटायला लागला. "टेन्शन असेल गं," मैत्रिणी म्हणाल्या. मग सकाळी चेहरा सुजू लागला, आडवं झालं की श्वास लागायचा. तुम्हाला असं काही झालं तर थांबू नका. मी थांबले होते.

आजाराचं नाव टी-सेल ल्युकेमिया. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. आजारांशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होतात. माझी तीच ग्रंथी फुगून श्वासनळी आणि शिरा दाबत होती.

"या पेशी वाढताना काही जीन्स, म्हणजे जनुकं, ठरलेल्या वेळी बंद व्हावी लागतात," मॅडम म्हणाल्या. "हिच्या पेशींत एक बंद झालंच नाही. त्यामुळे पेशी कच्च्याच राहतात आणि नुसत्या वाढत जातात."

आई घाबरली की मालवणीत बोलायची. "माझा काय चुकला, मॅडम? हिच्या वेळेक मी धड जेवूक नाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमचं काहीच चुकलं नाही. हा बदल त्या पेशींमध्ये मागाहून झालाय. तो तुमच्याकडून आलेला नाही."

तेव्हा कुठे आई रडली.

केमो लांबली. केस गेले, तोंड आलं. लंबर पंक्चर, म्हणजे मणक्यातून सुई घालून पाणी काढतात, त्याची मला फार भीती वाटायची. बाहेर बाकावर नंबर येईपर्यंत आई बोलत राहायची. लहानपणी खाडीत कालवं, म्हणजे शिंपले, काढायला जायची ते. शाळेच्या नाटकात राजा झाली ते. "काजळाची मिशी पुसायची राहिली नि तशीच जेवायला बसले. तुझे आजोबा ओळखेनात!" बाकावरचे सगळे हसले. इतकी वर्षं एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं.

आजार परत नको. पण त्या बाकावरच्या सकाळी मला अजून आठवतात, आणि हव्याशाही वाटतात.

उपचार संपले, त्यालाही आता काही वर्षं झाली. परवाच्या तपासणीत मॅडम म्हणाल्या, "सगळं छान आहे. आता वर्षाने ये."

परतताना बसमध्ये आई माझ्या खांद्यावर झोपली. आमचा स्टॉप आला. मी तिला उठवलं नाही. दोन स्टॉप पुढे उतरलो आणि रमतगमत मागे चालत आलो.